संस्था चालवायची कोणी?

टिळक आणि आगरकर कशावरून वेगळे झाले, असं कुणालाही विचारा. आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, हे उत्तर तयार असतं. ते खरंही आहे. पण दोघांमधली तेढ वाढली त्यातला बराच भाग एका शिक्षणसंस्थेच्या सभांमध्ये आणि फार साध्या प्रश्नांवरून वाढला. शिक्षकांचा पगार किती असावा, शाळेबाहेर काम करून कुणी पैसे मिळवावेत का, संस्थेतल्या माणसाच्या हाती आलेली देणगी त्याची की संस्थेची. माझं अर्धं आयुष्य असल्याच सभांमध्ये गेलं, म्हणून मला हा भाग त्या दोघांच्या राजकारणापेक्षा जवळचा वाटतो.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी खासगी अनुदानित शाळेत गणित शिकवलं आणि पुढे तिथेच मुख्याध्यापिका झाले. मुख्याध्यापक हा शाळा समितीचा पदसिद्ध सचिव. म्हणजे अजेंडा काढायचा, गणपूर्ती बघायची, सूचक-अनुमोदकांची नावं टिपायची आणि प्रोसिडिंग लिहायचं. निवृत्तीनंतर संस्थेने मला नियामक मंडळावर घेतलं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाल्यावर एकच प्रश्न उरला आहे. शाळा चालवण्याचा अधिकार कुणाचा? शिकवणाऱ्याचा, पैसे देणाऱ्याचा, की गावात ज्याचा शब्द चालतो त्याचा? पुण्यातल्या काही तरुणांनी १८८४ मध्ये याला एक उत्तर दिलं होतं. ते अपुरं होतं, पण आज आपण जे करतो त्याहून धाडसाचं होतं.

त्याआधीची तीस वर्षं थोडक्यात सांगते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने आपल्याकडे अनुदानाची पद्धत आणली. सगळ्या शाळा स्वतः काढणं इंग्रज सरकारला परवडणारं नव्हतं, म्हणून खासगी शाळांना मदत द्यायचं ठरलं, पण अटींवर. ऐहिक शिक्षण चांगलं हवं, सरकारी तपासणी मान्य हवी, थोडी का होईना फी घ्यायला हवी. आणखी एक अट होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. शाळेच्या मागे स्थानिक व्यवस्थापन हवं. देणगीदार, वर्गणीदार किंवा विश्वस्त, कुणीही असोत, पण देखरेख करणारी आणि शाळा ठरावीक काळ टिकेल याची जबाबदारी घेणारी माणसं हवीत. आपण ज्याला संस्थाचालक म्हणतो तो माणूस कायद्याच्या नजरेला पडला तो असा, जबाबदारी घेणारा म्हणून. व्यासपीठावरची खुर्ची, शाल, श्रीफळ हे सगळं पुष्कळ नंतरचं.

मग १८६० चा एकविसावा कायदा आला. सात माणसांनी एकत्र येऊन संस्था नोंदवावी, दरवर्षी कार्यकारी मंडळाची यादी निबंधकाला द्यावी. आमच्या संस्थेच्या नोंदणीपत्रावर आजही त्याच कायद्याचं नाव आहे. त्याच वर्षी पुण्यात वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढली. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच. लोकांना फडक्यांचं बंड माहीत असतं. त्या बंडाच्या कितीतरी आधी हा माणूस शाळा काढणाऱ्यांत होता, हे मी मुलांना मुद्दाम सांगत असे.

१ जानेवारी १८८० ला विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. सोबत टिळक आणि माधवराव नामजोशी. लवकरच वामन शिवराम आपटे आले, आणि एम. ए. होऊन आगरकर. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. १८८२ च्या मार्चमध्ये चिपळूणकर गेले आणि त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. संस्थापक वारलेला, दोन आधारस्तंभ तुरुंगात, आणि शाळा चालू. एका माणसाच्या जिवावर चाललेली शाळा अशा वर्षात बंद पडली असती.

तेच १८८२ साल हंटर आयोगाचं. माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावं आणि ते खासगी संस्थांकडे जाऊ द्यावं, अशा दिशेची त्याची शिफारस होती. न्यू इंग्लिश स्कूल पाहून डॉ. हंटर प्रभावित झाले, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. पण याच आयोगापुढे पुण्यातल्याच दुसऱ्या एका माणसाने निवेदन दिलं होतं. जोतीराव फुले. त्यांनी सांगितलं की सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेतलं तर शिक्षणाचा प्रसार तर खुंटेलच, शिवाय वेगवेगळ्या जाती-धर्मांच्या या देशात जो निःपक्षपातीपणा जपायचा आहे तो धोक्यात येईल. फुले हे ऐकीव बोलत नव्हते. स्वतः काढलेल्या शाळांवर समिती नेमणं, तिच्यासोबत काम करणं, पुढे त्या कामातून बाहेर पडणं आणि अखेर समितीने त्या शाळा शिक्षण खात्याकडे सोपवणं, हे सगळं त्यांनी अनुभवलं होतं. शाळेच्या मंडळात कोण बसतं यावर शाळेत कोणाचं मूल बसतं हे ठरतं, ही भीती त्यांनी १८८२ मध्येच मांडली. संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी अंकांत हंटरची शाबासकी छापतात, फुल्यांचं निवेदन छापत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी छापायला हवीत.

आता १८८४. ऑक्टोबरच्या २४ तारखेला गद्रे वाड्यात सभा झाली, अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न. डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. पुढच्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. त्याचं उद्घाटन एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्सवर्थ यांनी केलं. १८८५ च्या ऑगस्टमध्ये सोसायटी १८६० च्या त्याच कायद्याखाली नोंदवली गेली.

खरी नवी गोष्ट होती ती या संस्थेच्या घडणीत. आपटे, टिळक, आगरकर, नामजोशी, वासुदेवराव केळकर, धारप, गोळे हे पहिले आजीव सदस्य. आजीव सदस्य व्हायचं म्हणजे वीस वर्षं संस्थेत शिकवायचं, ठरलेल्या तुटपुंज्या पगारावर, आणि तो पगार सगळ्यांना सारखा. शाळा-कॉलेजचा रोजचा कारभार या मंडळींच्या हातात. देणगी देणाऱ्यांना पेट्रन आणि फेलो म्हणून स्थान होतं, आणि बाहेरची जाणती माणसं कौन्सिलवर बसत. पैसा, मालमत्ता, धोरण यावर त्यांची नजर. वर्गात काय चाललंय, कुणाला नेमायचं, कोणता विषय कुणी शिकवायचा, हे मात्र जो खडूने हात पांढरे करतो तोच ठरवणार.

ही रचना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा किती तरी वेळ तिच्यातून बाहेर पडले नाही. मंडळावर बसायची किंमत काय, या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं आयुष्यातली वीस वर्षं. आमच्या भागातल्या बहुतेक संस्थांत ती किंमत एका पावतीएवढी असते. वर्गणी भरली की सर्वसाधारण सभेत मत मिळतं, आणि निवडणुकीच्या आधीच्या महिन्यात एकेका घरातून पाच-पाच पावत्या फाटतात. पुढे त्या मतांवर शाळेचा अध्यक्ष ठरतो, आणि अशा अनेक अध्यक्षांनी शाळेची पायरी वार्षिक संमेलनाशिवाय चढलेली नसते.

पण डेक्कनची रचना आदर्श होती असं म्हणून थांबता येत नाही. शिकवणारेच कारभारी झाले की स्वतःच्या पगाराचा निर्णय स्वतःलाच घ्यावा लागतो. १८८७ च्या सुमारास तेच झालं. पगारात थोडी वाढ करावी असा विषय निघाला. आगरकरांची बाजू अशी की माणसांना घरं आहेत, आजारपणं आहेत, संस्थेला परवडतं तर वाढ घ्यावी. टिळकांची बाजू अशी की आपण जेझुइट पाद्र्यांसारखं सर्वस्व द्यायचं म्हणून एकत्र आलो. गरजेपुरतं घ्यायचं आणि उरलं ते संस्थेचं. मग बाहेरच्या उत्पन्नाचा प्रश्न. कुणी पुस्तकं लिहितो, कुणी वृत्तपत्र चालवतो, कुणी सार्वजनिक काम घेतो. तो वेळ कुणाचा? होळकर महाराजांकडून आलेल्या रकमेवरूनही वाद झाला. मतदान होई, कधी एक बाजू जिंके, कधी दुसरी. आगरकर १८८७ मध्ये 'केसरी'तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला, आणि तरीही ती माणसं रोज एकाच शिक्षकखोलीत बसत होती. ते दिवस दोघांनाही किती जड गेले असतील, हे शिक्षकखोलीत अबोला धरलेल्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर जो बसलाय त्याला कळेल.

१८९० मध्ये संस्थेचेच आजीव सदस्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि ठिणगी पडली. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यायला हवा, हा टिळकांचा आग्रह. ऑक्टोबरात त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात कारणं सांगणारं दीर्घ निवेदन लिहून दिलं. संस्था का काढली, काय ठरलं होतं, कुठे कुठे ते मोडलं, कुणाचं म्हणणं काय होतं, सगळं मुद्द्यांसकट.

मी कोणाच्या बाजूची? पगाराच्या प्रश्नात आगरकरांच्या. उपाशी शिक्षकाच्या त्यागावर शाळा फार दिवस चालत नाही, आणि ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला तत्त्व ऐकवणं सोपं असतं. बाहेरच्या कामाच्या प्रश्नात मी टिळकांकडे झुकते, जरी स्वतः टिळकांचं सार्वजनिक आयुष्य शाळेत मावणारं नव्हतं. पण माझं मत इथे महत्त्वाचं नाही. एवढ्या मोठ्या माणसांचं एवढं कडू भांडण झालं आणि ते कागदावर राहिलं, हे महत्त्वाचं आहे. प्राध्यापक लिमये यांनी १९३५ मध्ये संस्थेचा इतिहास लिहिला तेव्हा त्यांना ठराव, पत्रं, निवेदनं हाताशी होती. संस्थेने आपली भांडणं जपून ठेवली होती.

आणि संस्था मोडली नाही. टिळकांच्या जागी गणित शिकवायला १८९१ मध्ये गोखल्यांनी मुंबईहून धोंडो केशव कर्वे यांना बोलावलं. कर्वे आजीव सदस्य झाले आणि १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले. अनाथ बालिकाश्रम, हिंगण्याचं काम, महिला विद्यालय हे सगळं त्यांनी शिकवता शिकवता उभं केलं. आपटे १८९२ मध्ये गेले, आगरकर प्राचार्य झाले, आणि १८९५ मध्ये तेही गेले, एकोणचाळिसाव्या वर्षी. गोखले १९०२ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी केंब्रिजचे सीनिअर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य झाले, जगात कुठेही जाऊ शकणारा माणूस, संस्थेच्या ठरलेल्या पगारावर. माणसं जात राहिली आणि करार टिकला.

फुल्यांनी दाखवलेली उणीव मात्र या करारात भरून निघाली नाही. ते मंडळ एका शहराचं, एका जातीचं आणि फक्त पुरुषांचं होतं. ती भरून काढायला सातारा जिल्ह्यातून दुसरा माणूस यावा लागला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह, जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली. रयतेनेही आजीव सेवकांची पद्धत घेतली, पण वसतिगृहात वाढलेली शेतकऱ्यांची मुलं तिथे सेवक झाली. माझ्या पहिल्या मुख्याध्यापकांनी रयतेत नोकरीची सुरुवात केली होती. सुट्टीत दाणे-धान्य गोळा करायला गावोगाव फिरल्याच्या गोष्टी ते सांगत, आणि लगेच विचारत, "बाई, तुमच्या वर्गातली गैरहजर मुलं कोणत्या वाडीची आहेत?"

मग काय बदललं? लोक म्हणतात माणसं बदलली, त्याग संपला. मला ते पटत नाही. पैशाची वाट बदलली. १९७० च्या दशकात अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार पूर्णपणे सरकारकडून येऊ लागला. शिक्षकांच्या दृष्टीने ती फार मोठी सुटका होती. त्याआधी अर्धा पगार हाती आणि पूर्ण पगारावर सही, असे प्रकार जुन्या शिक्षकांनी मला सांगितले आहेत. पण त्यामुळे मंडळाचं काम उलटं झालं. आधी पगारासाठी पैसा उभा करायचा ही मंडळाची मुख्य चिंता होती, त्यासाठी चांगली शाळा दाखवावी लागे. आता पैसा आपोआप येणार, आणि मंडळाच्या हाती उरली ती नेमणूक. वुडच्या खलित्यातली जबाबदारी गेली, अधिकार राहिला. नेमणुकीला किंमत आली ती इथून.

सरकारने कायद्याने लगाम घातला. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आला, १९८१ ची नियमावली आली. शाळा समितीत व्यवस्थापनाचे प्रतिनिधी, कायम शिक्षकांपैकी ज्येष्ठतेने एक, आणि मुख्याध्यापक सचिव, हे ठरलं. अन्याय झालेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरण मिळालं. त्याआधी, १९५० पासून, विश्वस्त कायदा होताच. मंडळ बदललं की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. पुढे २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि सरकारचा पैसा न घेणाऱ्या शाळांची नवी पिढी उभी राहिली. शिक्षणहक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती अशा विनाअनुदानित शाळांना लागू नाही. म्हणजे तिथे सगळं मंडळावर आहे, अगदी १८८४ सारखं, फक्त वीस वर्षं देणारा कुणी नाही.

कायद्याने समिती मिळाली, पण समितीने काय बोलायचं हे कायदा सांगत नाही. आमच्या सभा रविवारी चारला, कार्याध्यक्षांच्या सोयीने. संमेलनाला पाहुणे कोण, या विषयावर दीड तास मी पाहिला आहे. दहावीच्या निकालावर, गणितात नापास झालेल्या मुलींवर, वाडीवरून चालत येणाऱ्या मुलांसाठी एसटीची वेळ बदलून घेण्यावर, चहा आल्यानंतरचा वेळ. मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय 'पुढील सभेत विचारार्थ' म्हणून इतक्या सभांतून पुढे गेला की त्या मुली शाळा सोडून गेल्या. एका सभेत एका सदस्याच्या नात्यातल्या उमेदवाराची निवड होती आणि तो सदस्य मुलाखतीच्या टेबलावरच बसला. मी प्रोसिडिंगमध्ये ते नातं लिहिलं. मला सांगण्यात आलं की एवढं तपशिलात लिहायची पद्धत नाही. ठराव सर्वानुमते मंजूर, एवढं पुरे. मी लिहिलेलं खोडलं नाही.

'सर्वानुमते मंजूर' हे दोन शब्द आमच्या जुन्या वह्यांच्या पानापानावर आहेत. एकाही पानावर कुणी विरोध केला, कुणाचं म्हणणं काय होतं, याची ओळ नाही. म्हणून टिळकांचं निवेदन मला इतकं मोलाचं वाटतं. ज्या मंडळाच्या वहीत मतभेद दिसत नाही, तिथे मतभेद नव्हता असं नसतं. तो सभेआधी कुणाच्या तरी ओसरीवर मिटवला गेलेला असतो, आणि तिथे शिक्षक-प्रतिनिधीला बोलावणं नसतं.

गेल्या वर्षी मी संस्थेच्या घटनेत दुरुस्ती सुचवली. कोणतंही पद सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नको. नात्याचा किंवा व्यवहाराचा विषय आला की त्या सदस्याने खोलीबाहेर जावं आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं जावं. प्रत्येक सभेतला पहिला विषय मुलांचा, म्हणजे हजेरी, निकाल, गळती. इमारत आणि पाहुणे त्यानंतर. नव्या सदस्याने मंडळावर येण्याआधी एक पूर्ण सत्र शाळेत यावं, आठवड्यातून एकदा, वर्गात मागच्या बाकावर बसावं, पोषण आहाराच्या रांगेजवळ उभं राहावं. आणि मंडळावर वाड्यांमधल्या पालकांपैकी दोघे, त्यातली एक बाई. वीस वर्षं मागायची हिंमत माझ्यात नाही. एक सत्र मागितलं.

पहिल्या तीन गोष्टींना फारसा विरोध झाला नाही. एका सत्राच्या अटीवर चिटणीसांनी ठाम हरकत घेतली. व्यापारी, डॉक्टर, वकील येणार नाहीत, संस्थेला देणग्या कोण देणार, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं प्रामाणिक आहे. शाळेच्या पाण्याची टाकी अशाच एका देणगीतून झाली. पालकांच्या जागांवर सगळे गप्प राहिले. शेवटी शिक्षक-प्रतिनिधी, विज्ञान शिकवणारा तरुण, म्हणाला की वाडीवरचे पालक चारच्या सभेला येऊ शकत नाहीत, शेवटची एसटी साडेपाचची आहे. सभा आधी अकराला घ्या, मग जागांचं बोलू. कार्याध्यक्षांनी सभेची वेळ बदलायला संमती दिली. दुरुस्तीचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. चिटणीसांची हरकत मी त्यांच्याच शब्दांत वहीत लिहिली आहे, आणि त्यांनी ती वाचून खाली सही केली आहे.